ब्रूनोचे पप्पा

त्यांचं खरं नाव मला ठाऊक नाही. गेटवर आडनावाची पाटी आहे, पण तिच्यावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही दुसरी पाटी ठोकलेली. सगळा गाव त्यांना ब्रूनोचे पप्पा म्हणतो. तेही ओ देतात.

शनिवारी सकाळी पनवेल-चौक रस्त्यानं कर्जतकडे गाड्या सुरू झाल्या की दर चार गाड्यांमागे एकीच्या खिडकीतून जीभ लोंबताना दिसते. स्टिअरिंगवर असतो तो पप्पा. अकरा गुंठ्यांचं फार्महाऊस, गुडघ्यापर्यंतची चड्डी, कमरेला उकडलेल्या चिकनची पिशवी. बायकोशी मराठी, कशेळ्याच्या अस्सल मराठी माळ्याशी हिंदी आणि कुत्र्याशी इंग्रजी.

ब्रूनो नऊ महिन्यांचा लॅब्राडोर. स्वभावानं गरीब, पण दुसरं कुत्रं दिसलं की अंगात येतं. दोष त्याचा नाही. पिल्लाला जगाची ओळख व्हायचं वय साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं. ते याचं चौदाव्या मजल्यावर गेलं. लसी व्हायच्या होत्या, म्हणून खाली नेलं नाही. कडेवर घेऊन लांबून चार कुत्री दाखवता आली असती, पण पप्पांनी त्याला बाल्कनीतून विमानं दाखवली. विमानावर तो आजही भुंकत नाही.

सकाळची फेरी बघण्यासारखी. कर्जत स्टेशनात घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिन लावतात ना, तसा थाट. ब्रूनो पुढून ओढतोय, मधे पप्पांचा डबा आणि मागून ‘अहो, सोडू नका’ म्हणत मम्मी. चहाच्या टपरीपाशी गावातली चार कुत्री पसरलेली असतात. त्यातल्या एकाच्या कानाला नसबंदीची खाच आहे, बाकीच्यांच्या अंगाला नुसता आळस. पप्पांना ती शंभर पावलांवरून दिसतात. लगेच दोरी हाताला दोन वेढे घेते, खांदे कानाला टेकतात, श्वास अडकतो. ब्रूनोनं तोवर काही पाहिलेलंही नसतं. पण गळ्याशी पट्टा आवळला की त्याला कळतं, संकट आलं! मग तो जो सुरू होतो तो टपरीवाल्याचा दुसरा घाणा निघेपर्यंत. पप्पा वरून ‘नो! ब्रूनो, नो!’ ओरडतात. ब्रूनोला वाटत असावं, पप्पाही भुंकताहेत, आपल्या बाजूनं.

मुंबईहून ट्रेनर आणला. त्यानं सांगितलं ते सोपं होतं. दुसरं कुत्रं दिसताच, हा भुंकायच्या आत, लांबूनच खाऊ द्यायचा आणि दोरी सैल ठेवायची. पप्पांना ‘खाऊ द्यायचा’ एवढंच लक्षात राहिलं. ते भुंकून झाल्यावर, गप्प राहा म्हणून, चिकन द्यायचे. आठवड्याभरात ब्रूनोला हिशेब समजला. गडबडीत चार तुकडे रस्त्यावर पडायचे, तेव्हा टपरीवाल्या कुत्र्यांनाही समजला. शनिवारी गाडीचा हॉर्न ऐकून ती गेटपाशी येऊन बसू लागली. भुंकून घ्यायला.

भात पोटरीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. ओढाओढीत पप्पांचं मनगट मुरगळलं आणि दोरी माळ्याच्या आईच्या हाती आली. म्हातारी टपरीकडे गेलीच नाही. कुत्री दिसली तशी बांधावर वळली आणि लांबून वळसा घालून पुढे चालू लागली. दोरी तिच्या बोटाला नुसती अडकवलेली. ब्रूनोनं मान वळवून टपरीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. तिनं पिशवीतला तुकडा हातावर ठेवला. भुंकणं नाही, काही नाही.

“साहेब, तुमीच आदी भिता, मंग तो भुकतो,” ती परत आल्यावर म्हणाली. पप्पांनी ‘थँक यू’ म्हटलं आणि संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बोलावून ब्रूनो आपण कसा सुधारला ते सांगितलं. म्हातारी तिथेच चहा देत होती.

आता ब्रूनो टपरीवरून शांत जातो. पप्पांचं शिक्षण मात्र चालू आहे. शनिवारी त्या रस्त्यानं तुमचं कुत्रं घेऊन जाणार असाल, तर एक विनंती: एकदम समोर येऊ नका, लांबूनच हात करा. पप्पा बिचकतात.