पत्रकवाले अण्णा

मोगलाईतल्या, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या राज्यातल्या, प्रत्येक मोठ्या गावात एक पत्रकवाले अण्णा असायचेच. निलंगा, तेव्हा बिदर जिल्ह्यातला, त्याला कसा अपवाद असेल? अण्णा खादी घालत नसत, सत्याग्रह करत नसत, वर्गणीच्या यादीत त्यांचं नाव सापडत नसे. पण निजामाविरुद्धचं पत्रक गावात आलं की पहिलं त्यांच्या हाती पडे.

पत्रकं छापली जात इंग्रजी हद्दीत, सोलापूर-बार्शीकडे. तिथून बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने लातूर, पुढे बैलगाडी. करोडगिरी नाक्यावरचा शिपाई गुळाची ढेप उलटीपालटी करून पाही. ढेपेखालच्या कागदावर जकात नव्हती, त्यामुळे त्याला त्यात गोडी नव्हती. सभेला मात्र निजाम सरकारचा हुकूम, गश्ती निशान ५३, आडवा येई : परवानगीशिवाय सभा नाही. अण्णांची तोड सोपी होती. नीळकंठेश्वराच्या देवळात दर्शनाला आलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे काही सभा नव्हे. अशी दहा माणसं एकाच वेळी आली, तर ती देवाची मर्जी.

पत्रकात असे जबाबदार राज्यपद्धती, नागरी हक्क, भारतात विलीनीकरण. हे अण्णा संकल्पातल्या गोत्रासारखं एका दमात उरकत. मग कागदाची घडी घालून कागदात नसलेलं सुरू होई.

"जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस, आन् शेरवानी म्हणे ठिगळाची! लिंबाएवढ्या हिऱ्यानं कागद दाबायलाय. आन् आपल्याकडून लेव्हीची ज्वारी!"

"अण्णा, हे पत्रकात कुठं लिवलंय?"

"छापायला जागा पुरली नसंल."

श्रीमंतीची बातमी खरी होती. १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम'ने निजामाला त्याच बिरुदासह मुखपृष्ठावर छापलं होतं. जनानखान्याच्या गोष्टींना मात्र अण्णांखेरीज पुरावा नव्हता, आणि माणसं थांबत ती त्याच गोष्टींसाठी. फ्रान्सच्या राणीचंही हेच झालं. मारी आंत्वानेतने न घेतलेल्या हिऱ्यांच्या हारावरून १७८५ साली तिची इतकी नालस्ती झाली की ती निर्दोष आहे हे ऐकायला कुणाला सवड उरली नाही. तिच्याविरुद्धची चोपडी लंडनला आणि हॉलंडात छापून चोरून येत; सापडली की पोलीस ती बास्तीलच्या तुरुंगात कोंडत. अण्णांचं वाङ्मय तोंडी, त्यामुळे ते कोंडायचं तर अण्णांनाच कोंडावं लागलं असतं. ते टाळण्याकरता पोलिसांचे अमीनसाहेब दिसले की अण्णा आला हजरत निजामांचं आयुष्य वाढावं म्हणून नंदीला मोठ्याने साकडं घालत.

निजामाची सत्ता राखायला उभ्या राहिलेल्या रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातुरातलाच वकील. तो पुढारी झाला तिथपासून अण्णांचा आवाज उतरला. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते रझाकारांविरुद्ध लिहीत, स्वतःच्या नावाने. ही बातमी आल्यावर अण्णा फक्त पावसाबद्दल बोलू लागले. मला यात त्यांचा भित्रेपणा दिसत नाही. नावानिशी लिहिणं म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं असावं.

१७ सप्टेंबरला निजाम भारतीय फौजेला शरण आला. अण्णांनी पेढे वाटले आणि आता हिऱ्याचं काय होतं ते पाहत बसले. १९५० साली तेच निजाम भारतातल्या हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले, वर वर्षाला पन्नास लाखांचा तनखा! अण्णांनी आठवडाभर कुणाशी धड भाषण केलं नाही.

पुढे १९५२ च्या निवडणुकीत उमेदवाराच्या पोराने त्यांच्या हातात एक पत्रक दिलं. अण्णांनी ते सवयीने धोतराच्या सोग्यात लपवलं, कोपऱ्यावर जाऊन उघडलं. खाली छापखान्याचं नाव होतं, पत्त्यासकट. त्यांनी मागे येऊन ते पोराला परत दिलं.

"नको बाबा. ह्यात काय असणार?"