नामिहेईंचा एक केस

गेल्या वर्षी भाचीकडे टोकियोला गेलो होतो. रविवारी संध्याकाळी साडेसहाला तिने टीव्ही लावला. पडद्यावर किमोनो घातलेले एक आजोबा धाकट्या मुलावर ओरडत होते. मिशी, कानांवर थोडी झालर आणि टकलाच्या मधोमध ताठ उभा एकुलता एक केस. मी म्हटलं, "म्हातारा तापट दिसतोय."

"मामा, ते चोपन्न वर्षांचे आहेत," भाची म्हणाली. "तुझ्यापेक्षा लहान."

रात्री आरशासमोर उभा राहून मी माझे मोजले. एकाहून जास्त भरले, एवढंच इथे सांगतो.

त्या आजोबांचं नाव नामिहेई इसोनो. आजोबा ते नातवाचे. ओरडत होते तो त्यांचा स्वतःचा मुलगा, पाचवीतला. थोरली मुलगी साझाए, आणि तिच्याच नावाने ही मालिका चालते : 'साझाए-सान'. काढणारी बाई माचिको हासेगावा. चित्रमालिका 1946 च्या एप्रिलमध्ये फुकुओकाच्या 'फुकुनिची' या सायंदैनिकात सुरू झाली. युद्ध हरून वर्षही झालं नव्हतं, तांदूळ रेशनवर होता, आणि ही पंचविशीतली मुलगी मोमोचीच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरताना पात्रांची बारशी करत होती. समोर समुद्र, म्हणून नावं सगळी समुद्रातली. साझाए म्हणजे शंखातली मोठी गोगलगाय, भाऊ कात्सुओ कुप्याच्या जातीचा मासा, बहीण वाकामे खाण्याचं शेवाळ, आई फुने म्हणजे होडी. नामिहेईंच्या नावात लाट आहे. आपल्याकडे कुणी पोराचं नाव बांगडा ठेवलं असतं तर आजीने बारशातच पाळणा थांबवला असता.

साझाए धांदरट, मोठ्या तोंडाची, पायात चप्पल न घालता चोराच्या मागे धावेल अशी. तेव्हाच्या जपानी सुनांनी कसं वागावं याचे जे नियम होते, ते ती मोडत नाही. तिला ते ऐन वेळी आठवत नाहीत, इतकंच. हासेगावाबाईंचा विनोद मला इथे फार आवडतो. चार चौकटी असतात. तिसरीपर्यंत सगळं तुमच्या-आमच्या घरातलं, आणि चौथीत कुणाची तरी अब्रू हळूच जाते. गेलेली अब्रू दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या चौकटीपर्यंत परत आलेली असते.

बाईंना टोकियोला जायचं ठरलं, तेव्हा मालिका संपवायला त्यांनी साझाएचं लग्न लावून टाकलं. आपल्याकडेही कित्येक कथा अशाच संपवल्या गेल्या आहेत. पण मालिका पुन्हा सुरू झाली, आणि नवऱ्याचं काय करायचं हा प्रश्न आला. जावईबापू मासुओ, आडनाव फुगुता. म्हणजे जावयाच्या आडनावातच विषारी मासा, पण माणूस साखरेसारखा. बिऱ्हाड भाड्याचं होतं. जळणाची टंचाई, म्हणून यांनी करवत घेऊन घरमालकाचं कुंपणच कापायला घेतलं. मालकाने बाहेर काढलं, आणि जोडपं माहेरी आलं ते आलंच. आडनाव त्यांनी बदललेलं नाही. तरी आज जपानमध्ये बायकोच्या माहेरी राहणाऱ्या नवऱ्याला 'मासुओ-सान' म्हणतात. 'घरजावई' या शब्दात जो सूक्ष्म चिमटा आहे, तो त्यात नाही. माझ्या परिचयातल्या दोघातिघांना मी ही पदवी देऊन पाहिली. त्यांना ती आवडली.

साझाएचं पुस्तक काढायला हासेगावाबाईंनी मोठ्या बहिणीसह घरातच प्रकाशन संस्था काढली. तिचं नाव 'शिमाइशा', म्हणजे 'बहिणींची कंपनी'. पहिलं पुस्तक आडवं आणि मोठं निघालं. दुकानदारांना ते मांडायला अडचण, म्हणून गठ्ठे परत आले. दुसरा भाग लहान आकारात काढला, तो उचलला गेला आणि मागून पहिल्याचाही माल खपला. पुढे 1951 पासून 'असाही' दैनिकाच्या सकाळच्या अंकात साझाए रोज येऊ लागली, ती 1974 पर्यंत. एकूण सहा हजारांवर चित्रपट्ट्या. जागतिक राजकारण वाचायच्या आधी लोक साझाएने आज काय सांडलं ते बघत.

टीव्हीवर ती 1969 च्या ऑक्टोबरपासून आहे. सर्वांत दीर्घकाळ चाललेली कार्टून मालिका म्हणून गिनीजमध्ये तिची नोंद झाली. साझाएचा आवाज पहिल्या दिवसापासून मिदोरी कातो यांचाच. पात्रांची वयं तसूभर हललेली नाहीत, घरात काळा फोन आहे. शेवटचं गाणं लागलं की जपानी नोकरदाराच्या पोटात खड्डा पडतो, कारण आता उद्या सोमवार. या दुखण्याला तिथे 'साझाए-सान रोग' असंच नाव आहे. भाचीचा नवरा गाणं सुरू होताच उठून शर्टाला इस्त्री करायला गेला, तेव्हा निदानाची खात्री पटली.

साऱ्या देशाला कुटुंब देणाऱ्या हासेगावाबाईंनी स्वतः लग्न केलं नाही. लोकांत मिसळणं टाळलं. 1992 च्या मे महिन्यात त्या गेल्या, तेव्हाही त्यांच्या इच्छेप्रमाणे बातमी महिनाभर बाहेर पडू दिली नाही. सरकारने मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. असला सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या व्यंगचित्रकार. त्यांना तो समारंभ आवडला नसता, असं मला आपलं वाटतं.

टोकियोतल्या साकुराशिनमाची या हासेगावाबाईंच्या भागात, 2012 मध्ये साझाएच्या सगळ्या कुटुंबाचे ब्राँझचे पुतळे बसवले. भाचीने मला तिथे नेलं. नामिहेईंसमोर मी जरा वेळ उभा राहिलो. समवयस्क माणूस भेटला की उभं राहावंसं वाटतं. तिथेच कळलं की या पुतळ्याच्या डोक्यावरचा केस लोक उपटून नेतात. एकदा नव्हे, बऱ्याचदा. दर वेळी नवा बसवावा लागतो.

नामिहेईंना उमिहेई नावाचा जुळा भाऊ आहे. दिसायला हुबेहूब तोच, फक्त त्याच्या टकलावर केस दोन आहेत. म्हणजे हा एक केस गेला तर प्रश्न सौंदर्याचा राहत नाही, माणसाची ओळखच जाते. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर फोटो काढा, पुतळ्याला नमस्कार करा, पण डोक्याला हात लावू नका. त्यांचं वय अवघं चोपन्न आहे.