मा. मेकलेन्सेस साहेब यांच्या सेवेशी

मुक्काम : लेन्स लायब्ररी, हास्केल



पत्रास कारण की, आपले उपकार आता मनात मावेनासे झाले आहेत. आम्ही अकोल्यात कापूस खरेदीच्या नोंदींचे सॉफ्टवेअर लिहिणारी साधी माणसे. शेतकरी, त्याचा पत्ता, पत्त्यात गाव आणि तालुका, पुढे वजन, ओलावा, भाव, बँक खाते. अशा रकान्यांच्या नोंदीला हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत रेकॉर्ड म्हणतात, हे आपल्याला आम्ही काय सांगावे!

पहिला उपकार खराच आहे, तो आधी मान्य करतो. हास्केलमधली नोंद एकदा केली की बदलत नाही. एखाद्या शेतकऱ्याचा तालुका चुकून अकोट पडला आणि तेल्हारा हवा असला, तर नवा पत्ता बांधा, तो घालून नवा शेतकरी बांधा, मग तो पावतीत बसवा. आपण म्हणालात, नोंदीखाली माझ्या नावाची एक ओळ टाका आणि निश्चिंत व्हा. प्रोग्राम कंपाइल होत असतानाच आपण प्रत्येक रकान्याची लेन्स तयार करता. तिनेच वाचायचे, तिनेच बदलायचे आणि एकीला दुसरी जोडत थेट आतल्या तालुक्यापर्यंत पोचायचे. फार मोठे काम आहे, साहेब.

आणि दान करावे तर आपल्यासारखे, या हाताचे त्या हाताला कळू नये! अमरावतीच्या एका कॉलेजातून शिकायला आलेल्या मुलीने कोडमध्ये ‘तालुका’ ही लेन्स वापरलेली पाहिली आणि तिची व्याख्या शोधू लागली. सगळ्या फाइली धुंडाळल्या. वापर जागोजागी, व्याख्या कुठेच नाही. शेवटी विचारती झाली, “सर, हे कोठी लिहिलं हाये?” कुठेच लिहिलेले नाही, हे उत्तर देताना आपल्याबद्दलचा आदर दुणावला. आपले चाहते सांगतात की कंपायलरला डंप-स्प्लायसेसचा पर्याय द्या, सगळा तयार झालेला कोड समोर येतो. येतो की! पण जिला त्या पर्यायाचे नाव ठाऊक आहे, तिला हा प्रश्न पडतच नाही.

अंडरस्कोरबद्दलही आभारी आहोत. रकान्याच्या नावाआधी ती आडवी रेघ असेल तरच आपण लेन्स करता. आमच्या एकाने ‘तालुका’च्या आधी रेघ दिली नाही. आपण त्या रकान्याला शांतपणे वगळलेत, चकार शब्द काढला नाहीत. आता ‘तालुका’ नावाचे फंक्शन तर होतेच, हास्केलने दिलेले, फक्त वाचण्यापुरते. ते लेन्सच्या जागी वापरले गेले आणि प्रकार जुळत नाहीत अशी लांबलचक तक्रार आली, तीही भलत्याच फाइलीतल्या भलत्याच ओळीवर. रेघ राहिली होती त्या ओळीचा त्यात उल्लेखही नव्हता. इतकी भीड ठेवणारा मदतनीस दुसरा मिळणार नाही.

पण सगळ्यात मोठा उपकार खाते क्रमांकाचा. आमचे विक्रेते दोन प्रकारचे, एकटा शेतकरी आणि शेतकऱ्यांचा गट. एकाच रेकॉर्डचे हे दोन पर्याय. खाते क्रमांकाचा रकाना पहिल्यातच होता. गटाचे पैसे सदस्यांच्या खात्यांत वेगळे जायचे. रकाना दोन्हीकडे नाही हे पाहून आपण लेन्सऐवजी ट्रॅव्हर्सल बनवलीत, म्हणजे मिळाले तर मिळाले. नाव तेच ठेवलेत. वाचण्याची खूणही तीच चालली. कोणीतरी गटाच्या नोंदीवर खाते क्रमांक मागितला. तो मजकूर म्हणून साठवलेला, आणि मजकूर पडला मोनॉइड, म्हणजे जोडता येणारा आणि रिकामाही असू शकणारा प्रकार. तिथे ‘काही सापडले नाही’ याचे उत्तर रिकामा मजकूर. आपण तो तत्परतेने दिलात. साधा पूर्णांक असता तर कंपायलरने तिथेच अडवले असते. इथे कंपायलर गप्प, चाचण्या गप्प आणि देयकांच्या यादीत एक ओळ खाते क्रमांकाविना. पहाटेपासून ट्रॅक्टर रांगेत लावून ज्यांनी काट्यावर कापूस मोजून दिला, त्यांच्या पैशाची ती ओळ होती. ती यादी बँकेत जाण्याआधी एका हिशेबनिसाच्या नजरेला पडली. साहेब, त्यात आपला हातभार काही नव्हता.

आपले धाकटे बंधू मेकफील्ड्स यांनाही नमस्कार सांगावा. एकाच फाइलीतल्या दोन रेकॉर्डमध्ये ‘नाव’ हा रकाना हास्केल मुळात चालू देत नाही, म्हणून आम्ही ‘शेतकरीनाव’, ‘गावनाव’ असे लिहितो. अमरावती जिल्ह्याने हा पेच कधीच सोडवला आहे : चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे, नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर. बंधुराज येतात, उपसर्ग खुडतात आणि दोघांनाही नुसते ‘नाव’ म्हणू लागतात. कंपायलर प्रकार पाहून नेमके कोणते ते ओळखतो. वाचणाऱ्या माणसाने काय पाहावे?

आपली ओळ फाइलीत पडली की खालच्या व्याख्या वरच्यांना दिसत नाहीत, म्हणून सगळी मांडणी आपल्या सोयीने करावी लागते. कंपाइल व्हायला वेळ लागतो तो वेगळाच. ते सोसू.

आपले घराणे जुने, म्हणून वाईट वाटते. 1984 साली ग्रंथबद्ध झालेल्या कॉमन लिस्प भाषेत डीफस्ट्रक्ट हेच काम करी, पण फंक्शनच्या नावात नोंदीचे नाव आणि रकान्याचे नाव दोन्ही ठेवी. वाचणाऱ्याला मूळ जागा नावावरूनच सापडे. हास्केलमध्ये नावांचे रकाने 1996 च्या 1.3 आवृत्तीत आले, टिम शिअर्ड आणि सायमन पेटन जोन्स यांनी 2002 मध्ये कंपाइल होतानाच कोड तयार करणारे टेम्प्लेट हास्केल मांडले आणि त्या बळावर आपण अवतरलात. 2021 पासून, जीएचसी या हास्केल कंपायलरच्या 9.2 आवृत्तीत, नुसता टिंब देऊन रकाना वाचता येतो. बदलण्यासाठी अजून आपली गरज लागते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

म्हणून विनंती एवढीच की, पैशाच्या फाइलींपासून आपण दूर राहावे. एका रकान्याची लेन्स हाताने लिहायला एक ओळ लागते. तिथल्या आम्ही हातानेच लिहिल्या आहेत. शेतकरी आणि गट ही दोन वेगळी रेकॉर्ड केली आहेत, त्यामुळे गटाकडे खाते क्रमांक मागितला की प्रोग्राम कंपाइलच होत नाही. ‘तालुका’ शोधणाऱ्या त्या मुलीनेच हा बदल केला. बाकीच्या फाइलींत आपला मुक्काम आहेच. तिथे प्रत्येक ओळीशेजारी, आपण कोणकोणती नावे तयार करता, ते ती टिपणात लिहून ठेवते आहे.



आपला,
अकोल्याचा एक ऋणाईत