फुलीवाला

गृहकर्ज देते बँक, फेडतो आपण. पण या दोघांची गाठ घालून देणारा एक तिसरा असतो आणि त्याचं नाव करारात कुठेही नसतं. व्हिजिटिंग कार्डावर तो ‘रिलेशनशिप एक्झिक्युटिव्ह’ असतो, बँकेच्या लेखी ‘एजंटाचा पोरगा’. मी त्याला फुलीवाला म्हणतो. कर्जाच्या फायलीत जिथे जिथे आपली सही हवी, तिथे तिथे त्याने आदल्या रात्री बसून पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असते. कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच मिनिटं हुज्जत घालणारा गृहस्थ पन्नास लाखांच्या कागदावर फुली दिसली की निमूट सही ठोकतो.

तो येतो महिनाअखेरीला, रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे नेमकी पोळ्यांची वेळ. कर्जाची रक्कम वाटली गेली तरच त्याच्या मालकाला कमिशन मिळतं, त्यामुळे ‘डिसबर्समेंट’ हा शब्द तो पगार म्हणावा इतक्या मायेने उच्चारतो. सॅकमधून दोन काळी पेनं, स्टॅम्पपॅड, डिंकाची कांडी, स्टेपलर आणि कालचं वर्तमानपत्र निघतं. चहा नको म्हणतो, मग घेतो. पण आधी टीपॉयवरचे पाण्याचे ग्लास स्वतः उचलून टीव्हीशेजारी नेऊन ठेवतो. मुद्रांक भरलेल्या करारावर कुणाच्या तरी घरी एकदा थेंब पडला होता. ती गोष्ट तो प्रत्येक घरात सांगतो.

मग सुरू होतं. “दादा, इथे फुल. इथे शॉर्ट. परत फुल. वहिनी, तुमची खाली.” चाळीस पानांनंतर दादांचा हात भरून येतो. तेव्हा तो आईने काऊचा घास, चिऊचा घास करत पोराला भरवावं तसा सुरू होतो: ही बँकेची, ही इन्शुरन्सची, ही हप्ता कापायच्या फॉर्मची, आणि ही शेवटची. ‘शेवटची’नंतर किमान अकरा असतात.

शॉर्ट सही हे एक प्रकरणच आहे. काहींची मूळ सही म्हणजे एक आडवी रेघ आणि खाली दोन टिंबं. ती आणखी शॉर्ट करायची तर ठेवायचं काय? फुलीवाला क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, “टिंबं ठेवा.” याउलट निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना शॉर्ट मान्यच नाही. प्रत्येक पानावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली रेघ, आणि शाई वाळेपर्यंत पान उलटायचं नाही. ती फाइल रात्री पावणेबाराला संपते.

पण त्याची खरी कारागिरी बघायची ती फोटोपाशी. अर्जावर चिकटवलेल्या फोटोवर आडवी सही लागते, अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर, म्हणजे फोटो उचकटून दुसऱ्याचा लावता येऊ नये. बॉलपेन गुळगुळीत फोटोवर चालत नाही. चालवलं तर घसरून थेट नाकावरून जातं. म्हणून तो वेगळं मार्करपेन देतो, फोटोच्या कडेला आपलं बोट टेकवतो आणि सांगतो, “वहिनी, खांद्यापासून सुरू करा, बाहेर निघा. चेहरा सोडा.” वहिनी श्वास रोखून खांद्यापासून निघतात. हात कापतो, रेघ हनुवटीला लागते. “चालेल,” तो म्हणतो, “ओळखू येताय.”

त्याहून अवघड असतात वडील, म्हणजे सहकर्जदार. त्यांच्या बँकखात्यातली सही तीस वर्षांपूर्वीची, आणि हप्त्याच्या फॉर्मवरची सही तिच्याशी जुळली नाही तर फॉर्म परत येतो. फुलीवाल्याच्या मोबाइलमध्ये त्या जुन्या सहीचा फोटो असतो. तो वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काकांकडून सराव करून घेतो. “काका, तुमच्या ‘प’ला पूर्वी पोट होतं. आता सपाट झालाय.” काका स्वतःच्या पोटाकडे बघतात. सातव्या सहीला ‘प’ भरतो. त्याच सहीवर गिरवणं मात्र चालत नाही. चुकलं तर काट मारून शेजारी सही करायची, आणि ती चुकली तर तिच्या शेजारी. पुढे बँकेच्या आतल्या ऑफिसातून ‘क्वेरी’ येते आणि फुलीवाला पुन्हा दारात, वर्तमानपत्रासकट.

यातली गंमत कायद्याला बहुधा ठाऊक नसावी. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५८ असं सांगतं, की मुंबईसारख्या ठरावीक शहरांत घराची मूळ कागदपत्रं तारणाच्या हेतूने सावकाराच्या हाती दिली की गहाण झालंच. सहीची अट नाही. आता महाराष्ट्रात त्याची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, म्हणजे तिथेही फुली आलीच. नुसतं हातावर ठेवून भागणाऱ्या व्यवहाराला आपण साठ-सत्तर सह्यांचं लग्नकार्य करून टाकलं आहे.

त्याचा एकच शत्रू: वाचणारा. वाचणारा चष्मा पुसतो, पहिलं पान धरतो आणि “हे ‘फ्लोटिंग’ म्हणजे नक्की काय?” असं विचारतो. “सर, सगळ्यांचं असंच असतं,” हे उत्तर बाकी सगळ्या घरांत पुरतं, इथे पुरत नाही. “आणि ही जागा कोरी का?” “ते आतून भरतात सर.” माणूस मनाने वाईट नाही, पण या एका वाक्यासाठी त्याला माफ करायची माझी तयारी नाही.

वाचणाऱ्यांच्या बाजूने हल्ली रिझर्व्ह बँकही उतरली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ सक्तीचं झालं. व्याज आणि बाकीचे खर्च धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, कुठलं शुल्क कशाचं, हे सगळं एका तक्त्यात, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्या अटी पटतात का हे ठरवायला कामाचे किमान तीन दिवस हातात हवेत. शिवाय मजकूर समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची. फुलीवाल्याने नियम पाळला. ‘मला समजले’ या ओळीपुढे त्याने फुली मारली. तीन दिवस मात्र त्याच्या महिनाअखेरीत बसत नाहीत, म्हणून हल्ली तो पंचवीस तारखेपासूनच फोन करायला लागला आहे.

आता सह्याही ऑनलाइन होऊ लागल्या आहेत. आधारवरून ओटीपी येतो, तो टाकला की झाली सही. त्याचा धंदा बसेल असं मला वाटलं होतं. पण आधारला जोडलेला नंबर मोठ्या मुलाचा निघतो, मुलगा बंगळुरूला असतो आणि फोन सायलेंटवर. शेवटी मुलाकडून ओटीपी येतो तेव्हा काका मोबाइल छातीशी धरतात. “ओटीपी कुणाला सांगायचा नाही असं बँकेनेच सांगितलंय.”

“बरोबर आहे काका, मला सांगूच नका,” फुलीवाला म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. “तुम्हीच टाका. झालं की हाक मारा.”

काका चष्मा शोधायला आत जातात. ओटीपी दहा मिनिटांत मरतो.