चीन, व्हाया वालूर

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ ही म्हण ज्यानं काढली, त्यानं चीनला कुठंच जागा ठेवली नाही. त्यामुळं वसमत रोडच्या टपरीवर सरांनी बशीतला चहा संपवून “यंदा चीनला जाऊ, संग्रहालय बघायला,” असं जाहीर केलं तेव्हा पहिली हरकत आली ती म्हणीच्या बाजूनंच.

“जायचंच तर जर्मनीला जाऊ की,” अण्णा म्हणाले. “गावात सांगायला सोपं पडंल.”

सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. अण्णा मानवतकडचे कापूसवाले. मामा एसटीत कंडक्टर होते. अजूनही गाडीत बसले की घंटीच्या दोरीकडं हात जातो. साहेब कृषी विद्यापीठातून सुटलेले. आणि मी या मंडळाचा चिटणीस, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही.

सरांना बघायचं होतं शिआनचं संग्रहालय, शान्शी प्रांताचं. बीजिंग नाही, शांघाय नाही. “राजधान्या सगळेच बघतात,” असं त्यांचं म्हणणं. संग्रहालय १९९१ साली उघडलं, बांधणी जुन्या थांग राजवटीतल्या वाड्यांसारखी, आणि प्रवेश फुकट. या फुकटानं मात्र संशय वाढला. “फुकट हाय म्हंजी आत कायतरी इकत आसतील,” अण्णा म्हणाले. सरांनी खुलासा केला की फुकट असलं तरी जागा आधी राखावी लागते, पासपोर्टचा नंबर घालून. अन् ते पास आपल्या तत्काळ तिकिटासारखे, सुटले सुटले म्हणेपर्यंत संपतात. हे ऐकल्यावर सगळ्यांना एकदम जावंसं वाटायला लागलं. सहज मिळणाऱ्या गोष्टीसाठी परभणीचा माणूस उठत नाही.

मग पासपोर्ट निघाले. सगळ्यांच्या कागदांचा ढीग टेबलावर पडला आणि दिसलं की आम्ही पाचही जण १ जूनला जन्मलो. आम्हाला याचं काही वाटत नाही. मराठवाड्यात एक अख्खी पिढी १ जूनलाच जन्मली. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख बापाला विचारली तर तो सांगायचा, भुईमूग काढणीला होता. हेडमास्तर त्याला सहा वर्षं बसतील अशा बेतानं १ जून टाकून मोकळे. म्हणून तर ३१ मेला आमच्याकडं अर्धी कचेरी एकदम निवृत्त होते आणि हारवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. पण हे मुंबईतल्या चिनी वकिलातीला कुणी सांगायचं? एक गाव, पाच अर्ज, पाच १ जून. समोरच्याला ही टोळीच वाटणार.

“वर्षं तर वेगवेगळी हायेत ना?” साहेबांनी विचारलं. बघितलं तर अण्णांचं आणि मामांचं वर्षही एकच. दोघांना एकाच हेडमास्तरांनी जन्माला घातलं होतं.

त्यात अण्णांचं नाव आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं. एका ठिकाणी ‘राव’ आहे, एका ठिकाणी नाही. “रावला पुढं पाठवा, मी मागून येतो,” म्हणाले. फोटोसाठी टोपी काढा म्हटल्यावर तर ते थेट घरीच निघून गेले. त्यांची समजूत वहिनींनी काढली. अर्थात वहिनींची समजूत काढायला आणखी आठवडा गेला, कारण सरांनी त्यांना चीनचं महत्त्व पटवताना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण दिलं: १९३८ साली गेले, जखमी चिनी सैनिकांची सेवा केली, तिकडंच १९४२ साली गेले, आजही तिथं त्यांना मानतात.

“सगळं ठावं हाय मला,” वहिनी म्हणाल्या. “शांतारामबापूंचा सिनेमा बघितलाय. त्यांनी तिकडं लगीन केलं ते नाही सांगितलं सर तुम्ही.”

अण्णा सत्तरीला टेकलेत. तरी बाजू सावरायला मामांना मध्ये पडावं लागलं.

सरांचा खरा जीव मात्र कोटणीसांत नाही, युआन श्वांगात अडकलेला. हा भिक्षू निघाला तो शिआनहूनच, तेव्हाच्या छांगआनहून. ६४१च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्यात, आणि इथल्या माणसांबद्दल लिहून गेला की उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचा झाला तर आधी कळवून घेतात. “चौदाशे वर्षं झाली, एक अक्षर बदलावं लागत नाही,” सर म्हणतात. लढाईला निघण्याआधी आपले वीर दारू प्यायचे आणि हत्तींनाही पाजायचे, हेही त्यानं लिहून ठेवलंय, पण सर ते वर्गात कधी सांगायचे नाहीत. सरांचं म्हणणं, तो आपल्याकडं येऊन गेला, आता परतभेट द्यायची पाळी आपली. एवढी उशिराची परतभेट आमच्या पाहुण्यारावळ्यांतसुद्धा कुणी दिली नसेल.

“त्याला व्हिसा कुठून मिळाला?” मामांनी विचारलं.

“कुठला व्हिसा! बादशहाची देशाबाहेर जायला बंदी होती. परवानगी मागितली, मिळाली नाही, तसाच निघाला.”

“म्हंजी विदाऊट!” मामांचा चेहरा पडला. सगळी नोकरी त्यांनी विदाऊटवाले पकडण्यात घालवलेली. ६४५ साली वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून तो परत आला तेव्हा बादशहानं दंड करायच्या ऐवजी स्वागत केलं, हे ऐकून मामा दोन दिवस टपरीवर आले नाहीत. त्या ग्रंथांसाठी ६५२ साली बांधलेला मोठा मनोरा संग्रहालयापासून चालत जाण्यासारखा आहे. मामा म्हणाले, तुम्ही बघून या, मी खाली थांबतो.

अण्णांना संग्रहालयात ओढून नेणारी गोष्ट निराळी. १९७० साली शिआनच्या दक्षिणेला हजिया नावाच्या गावात खोदकाम चाललेलं असताना मातीच्या दोन रांजणांत सोन्याचांदीची हजाराच्या वर चीजवस्त सापडली. ती बहुतेक याच संग्रहालयात आहे. रांजण म्हटल्यावर अण्णांचे डोळे बदलले. आमच्याकडं दर गावात एक पडका वाडा असतो, त्या वाड्यात एक हंडा असतो आणि हंड्यावर नाग असतो. हंडा बघितलेला माणूस मात्र नेहमी शेजारच्या गावचा.

“नाणी पन होती का?”

“होती ना. रोमच्या बादशहाचं होतं, जपानचं होतं, इराणच्या खुस्रूचं होतं. अन् त्याच खुस्रूच्या दरबारात आपल्या पुलकेशीचा वकील गेल्याची नोंद इतिहासकार तबरीनं केलीय असं मानतात.” सरांनी शिआनपासून परभणीपर्यंत नातं असं तीन वाक्यांत जोडून दिलं. सोयरिकी जुळवणारेही एवढी घाई करत नाहीत.

“मग सापडणाऱ्याला काय मिळालं?”

इथं साहेबांनी सांगितलं की आपल्याकडं १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अण्णांनी टोपी नीट केली. “दहा रुपये? आमच्या शेतात तर सरकीचं पोतंसुदिक दहाच्या वर जातं.”

वाट कुठून, यावर तीन संध्याकाळी गेल्या. व्हिसासाठी देवगिरीनं रात्री बसून सकाळी मुंबई, यावर एकमत झालं. पुढं मात्र साहेब मुंबईहून उडा म्हणत होते आणि अण्णा सचखंडनं दिल्लीला चला, तिथून ग्वांगझौचं विमान, जे मधली पाच वर्षं बंद राहून २०२५ च्या शेवटी पुन्हा सुरू झालं. विमानाशी अण्णांना देणंघेणं नव्हतं. सचखंडला वाटेत लंगर मिळतो. चीनमध्ये बीजिंग ते शिआन हे सुमारे बाराशे किलोमीटर आगगाडी साडेचार-पाच तासांत कापते, हे सरांनी सांगितलं तेव्हा मामांनी हिशेब केला, त्या वेळेत आपण परभणीहून निघालो तर कुठं असू. उत्तर कुणी मोठ्यानं दिलं नाही.

मग सरांनी रंगीत तालमीची टूम काढली. परक्या मुलखात नाचक्की नको. आधी इथंच एक ठिकाण संग्रहालयासारखं बघायचं. झेंड्यामागून चालायचं, हात लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. जागा ठरली सेलू तालुक्यातलं वालूर. झेंडा म्हणून सरांची छत्री.

एसटीत कंडक्टरनं सवलतीसाठी आधार मागितलं. आमच्याकडं पासष्टीच्या वर अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वर पूर्ण माफ. मामांनी ऐटीत नवाकोरा पासपोर्ट पुढं केला.

“मामा, वालूर का दुबई?” पोरगं हसून म्हणालं.

“चीन,” मामा म्हणाले. “व्हाया वालूर.”

वालूरची बारव बघितलेली नसेल तर बघावी, हे मी आमच्या सहलीला वगळून सांगतो. विहीर गोल, आणि पायऱ्या काठाकाठानं गरगर फिरत खाली उतरतात. किती काळ ती गाळाखाली गाडलेली होती. गावकऱ्यांनीच राबून ती मोकळी केली. वर उभं राहिलं तर डोळा आपोआप पायऱ्यांबरोबर खाली जातो आणि मागोमाग पाय. झेंडा पुढं, आम्ही मागं. अण्णांनी पहिल्याच वळणावर भिंतीला हात लावला.

“अण्णा! हात लावायचा नाही ठरलंय.”

“पडलो तर चीन गेलंच, वालूर पन जाईल.”

खाली टेकल्यावर सरांना राहवलं नाही, त्यांनी पाठ सुरू केला. मार्च १९७४. शिआनजवळ लिनथोंग भागात दुष्काळानं कावलेले शेतकरी विहीर खणत होते. कुदळ लागली मातीच्या मुंडक्याला. खणत गेले तर खाली पहिल्या सम्राटाची मातीची फौज, माणसाएवढाले शिपाई, हजारांनी. अंदाज आठ हजारांचा. आज सगळं जग तिथं लोटतं. सर बोलत होते आणि बारव त्यांचा आवाज गोल फिरवून परत देत होती, त्यामुळं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू आलं. शिक्षकाला यापेक्षा आणखी काय पाहिजे!

अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांच्या वडलांनीही विहीर खणलेली. काळा पाषाण लागला, सुरुंग लावले, दोन बैल विकले.

“सर,” ते म्हणाले, “त्यायला पाणी लागलं का?”

सरांनी हा धडा आयुष्यभर शिकवला होता. शिपायांच्या मिशा, घोड्यांचे लगाम, सगळं त्यांना तोंडपाठ. पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. “फौज सापडली अण्णा,” ते म्हणाले.

“ते झालं हो. पाणी?”

वर येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. काठावर गावातली दोन-तीन पोरं बसली होती. “पुण्याहून आले का?” त्यांनी विचारलं. परभणी म्हटल्यावर उठून गेली. आम्ही लिंबाखाली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. तालीम यशस्वी झाल्याचं सरांनी छत्री मिटून जाहीर केलं.

राहिलेल्या गोष्टी किरकोळ. चीनमध्ये व्हॉट्सअॅप चालत नाही, हे कळल्यावर मामांनी रोजच्या ‘शुभ सकाळ’ची जबाबदारी कुणावर सोपवायची याची काळजी केली आणि घरच्यांनी ती करू नका म्हणून कळवलं. साहेबांना शिआनकरांसाठी विद्यापीठाच्या ‘परभणी क्रांती’ भेंडीचं आणि ‘परभणी मोती’ ज्वारीचं बियाणं न्यायचं होतं. तिकडच्या विमानतळावर बियाणं काढून घेतात म्हटल्यावर ते दुखावले. “त्यांनी आमच्याकडून ६५७ पुस्तकं नेली, आम्ही अडवलं का?” एवढंच म्हणाले.

अडलं ते तारखेवर. जूनमध्ये पेरणी. जुलैत आषाढी. पुढं पोळा, महालक्ष्म्या, गणपती. १ ऑक्टोबरच्या आठवड्यात चीनला राष्ट्रीय सुटी, तेव्हा सगळा चीनच चीन बघायला निघतो. मग दिवाळी, कापूस वेचणी, हुरडा, फेब्रुवारीत परभणीचा उरूस, लग्नसराई आणि त्यापुढं असं ऊन की परभणीचा माणूस नानलपेठेतसुद्धा जात नाही. पंचांग चाळून चाळून मोकळा सापडला तो एकच पंधरवडा, पितृपक्ष.

“पितृपक्षात प्रवासाला?” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, संग्रहालयात जायचंय,” सर म्हणाले. “तिथं सगळे पितरच असतात.”

हे कुणालाच खोडून काढता आलं नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं म्हणून सोमवार टाळले, अमावास्या टाळली, आणि बरोबर मधला एक बुधवार ठरला. मी वहीत लिहून टाकलं. तेवढ्यात मामा म्हणाले, त्या दिवशी पंचमी येते, वडलांची तिथी.

“तिकडंच घालू की पान,” अण्णा म्हणाले. “कावळे आसतील ना?”

सगळे सरांकडं बघायला लागले. सर म्हणाले, कावळ्याचं चीनला वावडं नाही, उलट त्यांच्या पुराणात सूर्याच्या पोटात एक कावळा राहतो, फक्त त्याला पाय तीन असतात.

मामांनी चहाचे पैसे दिले आणि उठले. तीन पायांचा शिवला तर चालतं का, ते गुरुजींना विचारून येतो म्हणाले. तोवर बुधवार पेन्सिलीनं लिहा.