मागचा दिवा: एलईडीकरणाची शास्त्रोक्त पद्धत

गाडीचा मागचा दिवा एलईडी करायला घेण्यापूर्वी कर्त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडीतला हा एकच भाग असा आहे की ज्याचे पैसे मालक भरतो आणि उपभोग मागचा घेतो. म्युझिक सिस्टीम आपल्याला ऐकू येते, सीटकव्हर आपल्या बुडाखाली असतं, आरशाला टांगलेला गणपती आपल्याकडे बघत असतो. ब्रेक दाबल्यावर मागे किती उजेड पडतो, हे मात्र मालक स्टिअरिंगवर बसलेला असेपर्यंत त्याला दिसत नाही. इतकं निःस्वार्थ काम आपल्या हातून सहसा होत नाही, म्हणून ते पद्धतशीरपणे करावं.

वेळ रविवार सकाळची. नाश्ता उरकल्यानंतर आणि घरातून ‘आज जरा माळा काढायचा का?’ असा प्रश्न येण्यापूर्वी जी वीस-एक मिनिटं मिळतात, ती या कामाला उत्तम. साहित्य थोडकंच: फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपर, काळी टेप, हात पुसायला जुना बनियन आणि स्क्रू ठेवायला वाटी. वाटी स्टीलची घ्यावी आणि नंतर स्वयंपाकघरात परत ठेवताना विसळून ठेवावी. पुढची सगळी भांडणं इथेच टळतात.

राहिला बल्ब. तो घरबसल्या मागवता येतो. पण त्यात पुण्याच्या नाना पेठेची फेरी बुडते, आणि नाना पेठेच्या फेरीशिवाय गाडीचं कुठलंही काम अंगाला लागत नाही. तिथे काउंटरवर जे संभाषण होतं त्याची तयारी घरूनच करून जावी.

“कुठली गाडी, काका?”

“वॅगनआर.”

“मॉडेल?”

“पंधराचं.”

“सिंगल पॉइंट का डबल पॉइंट?”

इथे भले भले गारद होतात. डबल पॉइंट म्हणजे ज्याच्या बुडाला शिशाचे दोन थेंब असतात तो. आत दोन तारा असतात: एक बारीक, 5 वॉटची, रात्री टेललाइट म्हणून जळणारी, दुसरी 21 वॉटची, ब्रेक दाबला की पेटणारी. बल्बच्या पितळी कमरेला दोन बाजूंना दोन पिना असतात आणि त्या मुद्दाम वर-खाली बसवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. तरीही तो जोर लावून उलटा बसवणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांची गाडी रात्रभर ब्रेक दाबल्यासारखी चालते आणि दिवसा खरा ब्रेक लागला की मिणमिणते.

दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही जुन्या बल्बला ‘हॅलोजन’ म्हणतात. म्हणू द्यावं. मागच्या दिव्यातला तो बल्ब बहुतेकदा साध्या टंगस्टनच्या तारेचा असतो. तार झिजत जाते, तिचं टंगस्टन आतून काचेवर बसतं आणि बल्ब काळवंडतो. हॅलोजन वायू आत असता तर त्याने हे टंगस्टन उचलून पुन्हा तारेवर नेऊन सोडलं असतं. काळी पडलेली काच हा पुरावा काउंटरवर मांडू मात्र नये. मागे रांग असते.

“पांढरा देऊ का लाल?”

सगळा खेळ या प्रश्नावर आहे. पांढरा एलईडी जास्त लखलखीत दिसतो म्हणून कर्त्याचा हात तिकडे जातो. पण पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळसर लेप. त्याच्या उजेडात निळं-पिवळं भरपूर, लाल जेमतेम. गाडीची लाल काच लाल तेवढं बाहेर सोडते आणि बाकीचं गिळते. परिणामी डबीवर ‘सुपर ब्राइट’ लिहिलेला दिवा गाडीवर फिकट गुलाबी लागतो, साखरपुड्याच्या मांडवाला शोभेल असा. आता इतिहास बघा. निक होलोनियाकने 1962 मध्ये डोळ्यांना दिसणारा एलईडी केला तो लालच होता. निळा जमायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं, आणि अकासाकी, अमानो, नाकामुरा या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं ते त्यासाठीच. एवढ्या खटपटीने निळा मिळवायचा, लेप लावून त्याचा पांढरा करायचा आणि आपण तो लाल काचेमागे कोंडून पुन्हा लाल करायला बघायचं! लाल काचेमागे लाल घ्यावा, नारिंगीमागे नारिंगी. दुकानदार म्हणेल, “पांढरा सगळे नेतात, काका.” नेऊ देत.

डबीवर ‘50,000 तास’ असं छापलेलं असतं. रोज तासभर दिवा लावला तर हा बल्ब एकशे सदतीस वर्षं चालायला हवा. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. हा हिशेब दुकानदाराला ऐकवून गॅरंटी मागावी. तो म्हणेल, “चायना आहे. इथं लावून बघा, चालला की चालला.” ही आजवरच्या व्यापारी इतिहासातली सर्वांत प्रामाणिक गॅरंटी आहे.

आता मनुष्यबळ. या कामाला एक मागचा माणूस लागतो. ब्रेक दाबणारा पुढे बसतो आणि दिवा लागतो मागे, त्यामुळे मागे उभं राहून ‘लागला’ म्हणणारा कोणीतरी हवाच. बायको एकदा ‘लागला’ म्हणून आत निघून जाते. मुलगा मोबाइलमधून मान वर न करता ‘हो’ म्हणतो. सर्वांत उत्तम म्हणजे सोसायटीतले निवृत्त काका. त्यांना बोलवावं लागत नाही. बॉनेट किंवा डिकी उघडल्याचा आवाज आला की ते हात मागे बांधून आपोआप प्रकट होतात.

“लागला का हो?”

“लागला!”

“आता?”

“लागला!”

“अहो, आता मी ब्रेक सोडलाय.”

“मग टेललाइट लागला असेल.”

“टेललाइट बंद आहे.”

“मग ऊन चमकतंय. पण चांगलं चमकतंय बरं का.”

ज्यांना काका परवडत नाहीत त्यांनी संध्याकाळी गाडी भिंतीजवळ पाठमोरी लावावी आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड बघावा. त्यात सल्ला मिळत नाही एवढीच उणीव.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. दिवे बंद, चावी खिशात. डिकी उघडली की दिव्याच्या आतल्या कडेला स्क्रू दिसतात ते काढून वाटीत टाकावेत. मग दिवा सरळ मागे ओढावा. दुसऱ्या बाजूला तो प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर अडकलेला असतो. तिरका ओढला तर ‘कट’ असा आवाज येतो आणि त्या दिवसापासून तो दिवा खड्ड्यागणिक टाळ वाजवतो. होल्डर डावीकडे फिरवला की बाहेर येतो. बल्ब किंचित दाबून, फिरवून सोडवावा.

इथे घाई करू नये. होल्डरच्या तळाशी पितळेच्या दोन जिभल्या असतात. चार पावसाळे पाहिलेल्या गाडीत त्यांच्यावर हिरवट थर आलेला असतो आणि अर्थिंगचा स्क्रू गंजलेला असतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद मंद लुकलुकतो, अशी गाडी पुढे दिसली तर ओळखावं की अर्थिंग गेलं आहे आणि बिचारा करंट भलत्याच तारेतून घरी जायची वाट शोधतो आहे. पॉलिश पेपरने जिभल्या घासाव्या, अर्थिंगचा स्क्रू उघडून खालचा पत्रा चकचकीत करावा. अनेक गाड्यांमध्ये एवढं केल्यावर जुनाच बल्ब असा काही पेटतो की नवा बल्ब कशाला आणला होता ते आठवत नाही. तो मोह टाळावा. नाना पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ गेली आहे. तिचं चीज व्हायलाच हवं.

नवा बल्ब लावला आणि पेटला नाही, तर घाबरू नये. जुन्या तारेला करंट कुठून आला याची पर्वा नसते. एलईडी एकाच दिशेने चालतो. पिनांच्या बल्बला उलटं बसण्याची सोय नाही, पण काही गाड्यांत चपट्या बुडाचा, नुसता खुपसायचा बल्ब असतो. तो काढून फिरवून खुपसावा. युरोपीय घराण्यातल्या काही गाड्या आणखी चिकित्सक असतात. त्यांचा संगणक बल्बमध्ये करंटचा ठिपका सोडून बल्ब जिवंत आहे का ते चाचपत राहतो. एलईडी इतका कमी करंट घेतो की संगणक त्याला मृत घोषित करतो आणि डॅशबोर्डवर पिवळा बल्ब पेटवतो. म्हणजे मागचा पेटता आणि पुढचाही.

पेटल्यावर एकच परीक्षा घ्यावी, पण ती कडक घ्यावी: टेललाइट चालू ठेवून ब्रेक दाबावा. जुन्या बल्बमध्ये 5 आणि 21 असा ढळढळीत फरक होता. स्वस्त एलईडीत दोन्ही उजेड जवळपास सारखे निघतात. रात्री मागच्याला वाटतं की हा कायमच ब्रेकवर आहे, किंवा कधीच नाही. शिवाय दिव्यातली चकाकती वाटी तारेच्या नेमक्या जागेवरून निघणारा उजेड पसरवण्यासाठी घडवलेली असते. एलईडीचे ठिपके त्या जागेवर नसतील तर मधे एक झगझगीत डाग आणि कडेला अंधार. फरक दिसला नाही तर बल्ब परत न्यावा. इथे काकांचं मत घेऊ नये. स्वतः मागे जाऊन काकांना ब्रेकवर बसवावं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारलं तर खरं आणि भक्कम उत्तर आहे. तार तापून लाल व्हायला वेळ लागतो, एलईडीला लागत नाही. फरक सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा. ताशी 60 किलोमीटरने येणारी मागची गाडी तेवढ्यात सव्वातीन मीटरपेक्षा जास्त अंतर कापते, म्हणजे एक अख्खी नॅनो त्यात मावेल. महामार्गावर हा फायदा जीव वाचवणारा आहे. पुण्यात त्या सव्वातीन मीटरमध्ये आधीच दोन स्कूटर शिरलेल्या असतात.

इथे काम थांबवलं तर दुपारचं जेवण वेळेवर होईल. पण मराठी माणसाच्या तोंडून याच क्षणी जे वाक्य निघतं ते निघणारच: “आता उघडलंच आहे, तर इंडिकेटरही करून टाकू.”

करून टाकले की इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागतात. फ्लॅशर रिलेची समजूत साधी असते: करंट कमी झाला म्हणजे एक बल्ब उडाला, तेव्हा मालकाला कळावं म्हणून घाईने टिकटिक करा. यावर सरळ उपाय म्हणजे एलईडीला चालणारा फ्लॅशर. तो बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या पोटात कुठेतरी असतो आणि त्यासाठी पाय वर, डोकं पेडलपाशी अशा आसनात जावं लागतं. म्हणून दुकानदार दुसरा उपाय हातात ठेवतो. सोनेरी, खाचाखाचांचा, दोन कानांचा एक ठोकळा. 6 ओहम, 50 वॉट. हा रेझिस्टर एलईडीच्या जोडीला लावायचा. तो बल्ब असल्याचं सोंग करतो आणि रिले फसतो.

हिशेब बघावा. जुना बल्ब 21 वॉट खात होता. एलईडी तीनेक खातो, बचत 18. गाडीच्या बारा व्होल्टना बाराने गुणून सहा ओहमने भागलं की 24 येतात. तेवढे वॉट हा सोनेरी ठोकळा खातो आणि उजेड न देता नुसता तापतो. बचतीचा असा विनियोग आजवर सहकार क्षेत्राबाहेर पाहण्यात नाही. आणि तापतो म्हणजे किती, तर बोटाला फोड येईल इतका. म्हणून तो पत्र्याला स्क्रूने आवळावा. वायरींच्या जुडग्याला काळ्या टेपने बांधू नये, प्लॅस्टिकला टेकवू नये. खंडाळ्याच्या धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी हाकायची आपली रीत आहे. त्या वेळी असे चार ठोकळे एकदम तापत असतात.

कायद्याचंही बघून घ्यावं. कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि 182अ मध्ये बेकायदा बदलागणिक 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिलेली आहे. दिवा अमुक बल्बसह मंजूर झालेला असतो. काचेच्या कडेला बारीक अक्षरांत ‘12 व्होल्ट 21/5 वॉट’ असं बहुधा कोरलेलंही सापडेल. चौकातला हवालदार भिंग घेऊन ते वाचत नाही. पण ब्रेक दाबल्यावर थयथयाट करणारी पट्टी किंवा मागे निळे-पांढरे दिवे लावले, तर भिंगाची गरजच पडत नाही.

काढलेले बल्ब टाकून देऊ नयेत. वर्तमानपत्रात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावेत. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत री-पासिंगला न्यायची वेळ आली की एजंटच सांगतो, “आधी ओरिजिनल लावा.” ते लावताना सोनेरी ठोकळे काढायचे राहतात, कारण तोवर ते तिथे आहेत हे सगळेच विसरलेले असतात. मग एकेका इंडिकेटरवर 21 अधिक 24, चार मिळून 180 वॉट, म्हणजे 15 अँपिअर. आणि इन्स्पेक्टरने चारही लावून दाखवा म्हटलं की फ्यूज उडतो. फ्यूजबॉक्स स्टिअरिंगखाली उजव्या गुडघ्याजवळ असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीने जादा फ्यूज खोचून दिलेला असतो, मागच्या वायरमनने नेला नसेल तर.