टँककाका

आमच्या सोसायटीत माणूस आजारी पडला, तर चौकशीला लोक सवडीने येतात. मासा आजारी पडला की टँककाका पाचव्या मिनिटाला दारात हजर. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात भिंग, आणि जिन्यातून त्यांच्या पाठोपाठ येणारा काकूंचा आवाज : "अहो, आमटी तिसऱ्यांदा गरम करतेय मी!"

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते आता कुरियरवालाच वाचतो. अडतीस वर्षं त्यांनी डोंबिवलीहून रोज लोकलने जाऊन एका कचेरीत आवक-जावक सांभाळली. निवृत्तीनंतर माशांच्या बाबतीतही तेच खातं त्यांच्याकडे आलं. फक्त जावक जरा जास्त.

तपासणीची पद्धत ठरलेली. आधी चप्पल काढायची, मग टँकसमोर उकिडवं बसायचं आणि दोन मिनिटं काहीही न बोलता माशाकडे बघायचं. या दोन मिनिटांत घरातला टीव्ही आपोआप बंद होतो. मग प्रश्न. "काल काय खाल्लं?" आपण सांगू लागलो की, "तू नाही रे, त्याने!" मग, "शी कशी होती? तुकडे की धागा? रंग?" हे सगळं आपल्या ताटात मुगाची उसळ असताना. "पांढरा धागा" असं उत्तर आलं, तर काका डोळे मिटून मान हलवतात. घरातल्या लहान मुलीला तेवढ्यावरून कळतं की आता रडायचं आहे.

एक प्रश्न मात्र काका कधी विचारत नाहीत. पाणी शेवटचं कधी बदललं? त्याचं उत्तर आलं तर निम्मे आजार तिथेच संपतात, आणि मग आमटी सोडून येण्यात अर्थ काय राहिला?

रोगांची नावं काकांनी आपल्या सोयीने लावून घेतली आहेत. शेपटी झिजली तर "कुजका". पोट फुगून खवले सीताफळासारखे उभे राहिले तर "जलोदर", आणि इथे मात्र काकांचं निदान बरोबर असतं. मूत्रपिंडं दमली की पाणी अंगात साठतं आणि खवले उचलले जातात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो, हेही त्यांना ठाऊक आहे. म्हणून जलोदराच्या घरी ते आवाज खाली आणतात आणि जाताना चहा घेत नाहीत.

त्यांची औषधांची पेटी म्हणजे मिठाईचा जुना पत्र्याचा डबा. त्यात निळं औषध म्हणजे मेथिलिन ब्लू, पोटॅशियम परमँगनेट, खडे मीठ, हळद, आणि कोपऱ्यावरच्या देशी बदामाची वाळलेली पानं. या पानांत टॅनिन असतं आणि फायटर माशाला ते पाणी मानवतं. एवढी एक गोष्ट काकांनी वाचून केलेली आहे. डब्याच्या तळाशी मात्र खरा खजिना : अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या. सोसायटीत कुणाची दाढ काढली, कुणाचं अपेंडिक्स काढलं, की तिसऱ्या दिवशी काका भेटायला जातात. रुग्णाला वाटतं, किती माया! काकांची नजर उशाशी असलेल्या पाकिटावर. "बरं वाटतंय ना आता? मग या चार राहिल्या वाटतं." पानसरे वहिनींचा कोर्स अर्धा राहिला तो असा. त्यांचा घसा पुन्हा धरला. मासा आधीच गेला होता.

या उपचारपद्धतीला आजवर एकदाच आव्हान मिळालं. सहाव्या मजल्यावरची मुलगी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आली, तेव्हा काका आमच्या टँकमध्ये टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडत होते. फराळाचं ताट हातात धरून ती म्हणाली, "काका, गोड्या पाण्यातला मासा पाणी पीतच नाही."

खोलीत शांतता पसरली. पाण्यात राहून पाणी पीत नाही, हे ऐकून माझ्या आईने कपाळाला हात लावला. निर्जला एकादशीलाही तिला हे जमत नाही. मुलीने सांगितलं की गोड्या पाण्यात माशाच्या अंगातच क्षार जास्त असतात, त्यामुळे कल्ल्यांतून आणि कातडीतून पाणी आपोआप आत शिरत राहतं. ते प्यायचं कशाला, बाहेर टाकता टाकताच त्याच्या मूत्रपिंडांची पुरेवाट होते. समुद्रातला मासा पितो. म्हणून पोटात जायचं औषध खाण्यातून द्यावं लागतं, पाण्यात घातलेलं बहुतेक पाण्यातच राहतं. त्यात आपलं बोअरचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं. आणि फिल्टरच्या स्पंजवर जे उपयोगी जिवाणू असतात, माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे, ते अशा औषधाने मरू शकतात. ती वसाहत जमायला महिना-सव्वा महिना लागतो. ती गेली की अमोनिया चढतो, कल्ले पोळतात, मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो, आणि आपण म्हणतो, इन्फेक्शन वाढलं.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चकली मोडली. मग म्हणाले, "पुस्तकातले नसतील पीत. आपले पितात."

शास्त्र हरलं असं मी म्हणणार नाही, पण ती मुलगी आता पाडवा रत्नागिरीतच करते.

लॉबीतल्या टँकचं प्रकरण त्यानंतरचं. सेक्रेटरींना कुणीतरी सांगितलं की प्रवेशदारी आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवला की वास्तूला बरकत येते. नवे नऊ मासे पिशवीतून थेट टँकमध्ये. नव्या माशाला दोन-चार आठवडे वेगळं ठेवावं, हा नियम भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीइतकाच आमच्याकडे पाळला जातो. चौथ्या दिवशी एकाच्या तोंडाभोवती कापूस दिसला, दुसऱ्याच्या पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा. काका म्हणाले, "फंगस! ऊब द्या." हीटर बत्तीस अंशांवर.

तो फंगस नव्हता. दिसतो कापसासारखा, पण असतो जिवाणू. कॉलम्नारिस म्हणतात त्या रोगाला. उबेत तो फार जोमाने वाढतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात पाणी गरम करतात, कारण तो परजीवी आहे आणि त्याचं चक्र लवकर फिरवून त्याला औषधाच्या तावडीत आणायचं असतं. ते काकांनी कुठेतरी ऐकलेलं, आणि एका दाराची किल्ली ते सगळ्या दारांना लावून बघतात. गुरुवारी नऊचे पाच झाले, शनिवारी दोन, आणि रविवारी नुसता काळा. तो मात्र ऐटीत फिरत होता.

सेक्रेटरी संतापून खाली आले. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, सोसायटीवर येणारं संकट त्या बिचाऱ्यांनी अंगावर घेतलं." सेक्रेटरींचं त्याच आठवड्यात ऑडिट होतं. त्यांनी टँकला हात जोडले. वॉचमन मात्र मला हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या गावच्या तळ्यात कुणी हीटर लावत नाही."

आता काकांच्या बोटाबद्दल.

टँक घासताना उजव्या हाताच्या तर्जनीवर एक ओरखडा आला होता. तिथे लालसर गाठ आली, दुखेना, पण बरीही होईना. काकांनी तिच्यावर हळद लावली, मिठाच्या पाण्यात बोट बुडवलं, मग परमँगनेट, आणि शेवटी निळं औषध. महिनाभर ते निळं बोट घेऊन फिरत होते; निवडणूक नसताना मतदान केल्यासारखे. तिसऱ्या महिन्यात मनगटाच्या वर आणखी दोन गाठी आल्या, एका रेषेत, लोकलच्या स्टेशनांसारख्या. मग काकूंनी आमटी गॅसवरून उतरवली आणि त्यांना हाताला धरून त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं.

डॉक्टरांनी हात बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरी फिशटँक आहे का?"

काका सांगतात की त्यांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ते लोकांना प्रश्न विचारत आले, आज कुणीतरी त्यांना विचारत होतं. तुकडा काढून तपासला. मायकोबॅक्टेरियम मरिनम निघाला. क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पण वस्ती माशांत आणि पाण्यात. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत अ‍ॅरनसन नावाच्या संशोधकाला तो पहिल्यांदा सापडला. त्याला थंडावा आवडतो, म्हणून पोटात-छातीत शिरण्यापेक्षा तो बोटं आणि हात धरतो. माणसाकडून माणसाला होत नाही. उपचार अँटिबायोटिकचाच, पण काही महिने, रोज, न चुकता, आणि एकही गोळी शिल्लक न ठेवता.

सोसायटीत बातमी "काकांना टीबी" अशी पोचली. दोन दिवस लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर कुणी चढेना. तिसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच लॉबीत सभा भरवली. बाही वर करून एकेक गाठ दाखवली, १९२६ सांगितलं, फिलाडेल्फिया सांगितलं. "साध्यासुध्या माणसाला होत नाही हा. माशांत हात असावा लागतो." काळा मासा मागे टँकमधून ऐकत होता. सेक्रेटरींनी विचारलं, औषध कसलं? काका म्हणाले, "तेच तर मी डॉक्टरांना विचारलं, लिटरला किती मिलिग्रॅम?"

आता काकू रोज सकाळी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवतात, वर पाणी पाजतात आणि तोंड उघडायला लावून बघतात. मधे पोट बिघडलं म्हणून डॉक्टरांनी एक औषध बदलून दिलं. जुन्याची अर्धी पट्टी उरली. ती काकूंनी साड्यांच्या कपाटात कुलपात ठेवली आहे आणि किल्ली मंगळसूत्राला बांधली आहे.

परवा रात्री बेल वाजली. दारात काका, कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे, काखेत डबा. "तुझा गोल्डफिश वर येतोय असं ऐकलं."

"नाही हो काका. छान आहे. पाणी बदललं कालच."

त्यांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. ते आत आलेच. चप्पल काढली, उकिडवे बसले, हातमोज्याने काचेवरची वाफ पुसली आणि दोन मिनिटं बघत राहिले. आईने टीव्ही बंद केला.

"शी कशी होती?" काकांनी विचारलं.

समोरच्या दारातून काकूंचा आवाज आला, "गोळी घेतली का?"